सहा पट म्हणजे किती जणांत किती?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : माझे वय ४४ वर्षे. माझे वडील ६१व्या वर्षी जठराच्या कर्करोगाने गेले. गेले वर्षभर मला पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि जेवणानंतर जडपणा जाणवत होता. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासणी करून तुकडे काढले. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ आणि ‘एच. पायलोरी जंतू आढळला’ असे लिहिले आहे. चौदा दिवसांची औषधे आणून तीन आठवडे झाले, पण पाकीट मी अजून फोडलेले नाही. त्यातली आम्ल कमी करणारी गोळीच कर्करोगाचा धोका अडीच पट करते, असे माझ्या वाचनात आले. या जंतूमुळे धोका सहा पट होतो, असेही वाचले. त्यातच रुग्णालयाच्या संशोधन विभागातून फोन आला. जंतूवरचे उपचार सर्वांना देऊन झाल्यावर तीन वर्षे एक गोळी घ्यायची आणि तिने मेटाप्लेझिया मागे हटतो का हे पाहायचे, असा त्यांचा अभ्यास आहे. निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळणार आहे. माझी मोठी बहीण म्हणते, प्रयोगातला उंदीर होऊ नकोस. माझे पती म्हणतात, तपासण्या फुकट होतील, सही करून टाक. त्यांच्या मोठ्या आतड्यातून गेल्या वर्षी एक पॉलिप काढला होता. त्यांना काही त्रास नाही, म्हणून ते पुढच्या तपासणीलाही जायला तयार नाहीत. मला कर्करोगाची सुरुवात झाली आहे का? कोणत्या संशोधनावर विश्वास ठेवावा? आणि सही करावी का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही अहवालाची प्रत पाठवली हे बरे केले, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरच छापलेले आहे. ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ या शब्दांखाली तुम्ही लाल शाईने दोनदा रेघ ओढली आहे. त्याच्या लगेच पुढच्या ओळीकडे मात्र तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. ती ओळ अशी आहे : ‘डिसप्लेझिया आढळला नाही.’ तपासलेल्या तुकड्यांपुरते बोलायचे तर तुम्हाला कर्करोग नाही, आणि कर्करोगाच्या अलीकडची जी पायरी असते तीही त्यांत दिसलेली नाही. ‘तपासलेल्या तुकड्यांपुरते’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत; त्यांच्याकडे थोड्या वेळाने येतो.

मी जवळपास तीस वर्षे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. दुर्बिणीच्या चिमट्यातून येणारा तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचा, टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा असतो. निरोगी जठराच्या अस्तरावर उंच, एकसारख्या पेशींची सलग रांग दिसते. मेटाप्लेझिया असेल तिथे या रांगेत मधूनमधून फुगीर पोटाच्या आणि निमुळत्या बुडाच्या, पेल्याच्या आकाराच्या पेशी डोकावू लागतात. त्यांना गॉब्लेट पेशी म्हणतात. त्या जठराच्या नव्हेत, आतड्याच्या रहिवासी. अल्शियन ब्लू हे रंजक घातले की त्यांच्यातला श्लेष्मा स्वच्छ निळा दिसतो, आणि शिकाऊ डॉक्टरलाही त्या मोजता येतात. वर्षानुवर्षे दाह सोसणाऱ्या अस्तराने स्वतःची घडण सोडून शेजारच्या आतड्याची घडण उचलली, एवढाच याचा अर्थ. पेशी परक्या आहेत, पण शिस्तीत उभ्या आहेत. डिसप्लेझियात ही शिस्तच मोडते : पेशीकेंद्रे मोठी आणि गडद होतात, एकमेकांवर चढतात, रांग विस्कटते. तुमच्या तुकड्यांत तसे काही दिसलेले नाही.

जठराच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार एकाएकी उगवत नाही, तो पायऱ्यांनी येतो, ही कल्पना कोलंबियातील रुग्णांवर काम करणाऱ्या पेलायो कोर्रेआ यांनी १९७५ मध्ये मांडली. दीर्घकाळचा दाह, मग अस्तराची झीज, मग मेटाप्लेझिया, मग डिसप्लेझिया आणि शेवटी कर्करोग, असा तो क्रम आहे. कल्पना टिकली; पण तिच्यामुळे एक गैरसमजही पसरला. पायऱ्या म्हटल्या की चढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि ज्याच्या अहवालात तिसरी पायरी लिहिलेली असते त्याला आपण पाचवीकडे निघालो आहोत असे वाटू लागते. प्रत्यक्षात बहुतेक लोक ज्या पायरीवर आहेत तिथेच जन्म काढतात. नेदरलँड्समध्ये जठराच्या तुकड्यांत असे बदल सापडलेल्या ९२,२५० रुग्णांची देशव्यापी नोंद तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पाच वर्षांत कर्करोग होण्याचे वार्षिक प्रमाण अस्तराची झीज असलेल्यांत ०.१ टक्का, मेटाप्लेझिया असलेल्यांत ०.२५ टक्का, सौम्य ते मध्यम डिसप्लेझियात ०.६ टक्का आणि तीव्र डिसप्लेझियात ६ टक्के होते. म्हणजे तुमच्यासारखा शब्द अहवालात असलेल्या हजार जणांपैकी वर्षाकाठी दोन-तीन जणांना कर्करोग झाला, बाकीच्या ९९७ जणांना झाला नाही. हा आकडा दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही, आणि झोप उडवण्याइतका मोठाही नाही. तो वेळच्या वेळी तपासणी करण्याच्या मापाचा आहे.

आता ‘तपासलेल्या तुकड्यांपुरते’ या शब्दांकडे येतो. तुमच्या अहवालात जे लिहिले आहे त्यापेक्षा जे लिहिलेले नाही ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात दोनच तुकड्यांचा उल्लेख आहे आणि दोन्ही जठराच्या खालच्या भागातले, म्हणजे अँट्रममधले आहेत. पैकी एकात सौम्य, ‘कंप्लीट’ प्रकारचा मेटाप्लेझिया आहे. हा प्रकार ‘इनकंप्लीट’ प्रकारापेक्षा कमी धोक्याचा मानला जातो, ही त्यातली चांगली बाब. पण जठराच्या मधल्या, मोठ्या भागातला एकही तुकडा घेतलेला नाही. हा बदल फक्त खालच्या भागात आहे की मधल्या भागातही पसरला आहे, यावर पुढच्या धोक्याचा अंदाज बराचसा अवलंबून असतो. म्हणूनच प्रमाणित पद्धतीत अँट्रममधून दोन, मधल्या भागातून दोन आणि दोहोंमधल्या वळणावरून एक असे पाच तुकडे घेतात आणि कुठला तुकडा कुठून घेतला हे लिहून ठेवतात. तुमच्या डॉक्टरांची चूक झाली असे मी म्हणत नाही. जळजळीचे कारण शोधायला आणि जंतू पाहायला दोन तुकडे पुष्कळदा पुरतात. पण आता प्रश्न बदलला आहे, तेव्हा पुढच्या दुर्बीण तपासणीत मधल्या भागाचे तुकडे घ्यावेत का, आणि ती तपासणी केव्हा करावी, हे त्यांना स्पष्ट विचारा. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बदल एकाच भागात असला तरी घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण तपासणीचा विचार करता येतो. तो इतिहास तुमच्या घरात आहे.

तुमच्या मनात ठाण मांडून बसलेला आकडा ‘सहा पट’ हा आहे. तो खोटा नाही. २००१ मध्ये बारा अभ्यासांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासांत पूर्वी कधी तरी साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने होते आणि त्यांतल्या १,२२८ लोकांना पुढे जठराचा कर्करोग झाला होता. निदानाच्या किमान दहा वर्षे आधी घेतलेल्या रक्तात एच. पायलोरीविरुद्धची प्रतिपिंडे शोधली, तेव्हा अन्ननलिकेलगतचा वरचा भाग वगळून उरलेल्या जठराच्या कर्करोगाचा संबंध सुमारे सहा पट, नेमके सांगायचे तर ५.९ पट, निघाला. दहा वर्षे मागचे रक्तच का, याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. अस्तर झिजत आणि बदलत गेले की जंतूला तिथे राहणे जड जाते आणि तो हळूहळू नाहीसा होतो. कर्करोग झाल्यावर रक्त तपासले तर गुन्हेगार घर सोडून गेलेला असतो, आणि संबंध प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

पण ‘सहा पट’ हा गुणाकार आहे, आणि गुणाकार कशाचा हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समजा, जंतू नसलेल्या हजार जणांत ठरावीक वर्षांत एकाला हा कर्करोग होतो. मग जंतू असलेल्या हजार जणांत तो सहा जणांना होईल. मथळ्यात ‘सहा पट’ छापता येते आणि ‘हजारांत पाच जास्त’ असेही छापता येते. दोन्ही खरे आहे, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा फक्त पहिल्याने येतो. जगातल्या सुमारे निम्म्या लोकसंख्येच्या जठरात हा जंतू असतो, असे दीर्घकाळ मानले गेले आहे, आणि जंतू असलेल्यांपैकी आयुष्यभरात शंभरांत एक ते तीन जणांनाच जठराचा कर्करोग होतो. म्हणून धोक्याविषयी काहीही वाचाल तेव्हा तीन गोष्टी शोधा : ती माणसे कोण होती, किती जणांत किती, आणि किती वर्षांत. या तिन्ही गोष्टी नसतील तर तो मजकूर बाजूला ठेवायला हरकत नाही.

याच कसोटीवर दोन प्रसिद्ध पुरावे शेजारी ठेवून पाहा. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल १९८४ मध्ये या जंतूचे द्रावण स्वतः प्याले आणि त्यांना जठरदाह झाला. रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ही गोष्ट सर्वतोमुखी झाली. धाडस मोठे होते, पण त्यातून एका माणसाच्या जठरात दाह होतो एवढेच दिसले; कर्करोगाविषयी त्यातून काहीच कळत नाही. ते कळायला एका जपानी रुग्णालयातल्या १,५२६ रुग्णांवर सरासरी ७.८ वर्षे लक्ष ठेवावे लागले. त्यांतल्या जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना, म्हणजे २.९ टक्क्यांना, जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास फारसा कुणी रंगवून सांगत नाही, पण भरवसा ठेवायचा तर मी याच्यावर ठेवीन. अर्थात तीही माणसे अल्सर किंवा पोटाच्या तक्रारी घेऊन आलेली होती, रस्त्यावरून सहज निवडलेली नव्हती, हे विसरायचे नाही.

तुमच्यासाठी मात्र याहून जवळचा पुरावा आहे, आणि तो तुम्ही वाचलेल्या मजकुरात नव्हता याचे मला वाईट वाटते. दक्षिण कोरियात ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला होता अशा, ४० ते ६५ वर्षे वयाच्या आणि जंतू असलेल्या लोकांवर एक चाचणी झाली. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवड करून एका गटाला जंतूनाशक उपचार आणि दुसऱ्याला औषधविरहित गोळ्या दिल्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे नऊ वर्षांत उपचार मिळालेल्या ८३२ पैकी १० जणांना, म्हणजे १.२ टक्क्यांना, आणि न मिळालेल्या ८४४ पैकी २३ जणांना, म्हणजे २.७ टक्क्यांना, कर्करोग झाला. धोका निम्म्याहून खाली आला. तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची तर एक कर्करोग टळण्यासाठी सुमारे ६६ जणांना उपचार द्यावे लागले. आणि आता त्यातला सर्वांत बोलका तपशील : उपचार मिळूनही कर्करोग झालेल्या त्या दहा जणांपैकी पाच जणांच्या जठरात जंतू तसाच राहिला होता. औषध घेणे वेगळे आणि जंतू जाणे वेगळे. तुमचे वय, तुमचे वडील, तुमचा जंतू, सगळे या अभ्यासातल्या माणसांशी जुळते. तुमच्या ओट्यावर पडलेल्या त्या न फोडलेल्या पाकिटाविषयी बोलणारा याहून नेमका पुरावा मला माहीत नाही.

‘मेटाप्लेझिया झाल्यावर जंतू मारून काय उपयोग’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. चीनमध्ये १,६३० लोकांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साडेसात वर्षांनी उपचार घेतलेल्यांत ७ आणि न घेतलेल्यांत ११ कर्करोग आढळले. एवढ्या फरकावरून ठाम निष्कर्ष काढता येत नव्हता. सुरुवातीला ज्यांच्या अस्तरात झीज किंवा मेटाप्लेझिया नव्हता त्यांच्यात फायदा स्पष्ट दिसला, आणि त्यावरून ‘एका मर्यादेनंतर परतीचा रस्ता बंद’ हे मत रूढ झाले. पुढच्या संशोधनाने ते बरेच सैल केले आहे. कोरियातच सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग दुर्बिणीतून काढलेल्या रुग्णांवर, म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी पुढच्या पायरीवरच्या लोकांवर, चाचणी झाली. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत जंतूवर उपचार झालेल्यांपैकी ७.२ टक्के आणि न झालेल्यांपैकी १३.४ टक्के लोकांना पुन्हा नवा कर्करोग झाला. चीनच्या शानतुंग प्रांतात १९९५ मध्ये दिलेल्या अवघ्या दोन आठवड्यांच्या उपचारांचा फायदा २२ वर्षांनंतरही दिसत होता. निळ्या पेशी पुसल्या जातील असे आश्वासन मी देत नाही. पण त्यांच्या मागची आग विझवणे उशीर झाल्यावरही उपयोगी पडते, एवढे निश्चित म्हणता येते.

आता आम्ल कमी करणाऱ्या गोळीकडे वळू. ‘अडीच पट’ हा आकडा बहुधा हाँगकाँगमधील ६३,३९७ लोकांच्या अभ्यासातून आला आहे. जंतूवर उपचार झालेल्या या लोकांपैकी साडेसात वर्षांच्या सुमारास १५३ जणांना जठराचा कर्करोग झाला, आणि आम्ल कमी करणाऱ्या या प्रकारच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो २.४४ पट आढळला. दर वर्षी दहा हजार माणसांमागे सुमारे चार जास्त, असा त्याचा हिशेब होतो. शिवाय इथे कुणी चिठ्ठी टाकून गोळी दिलेली नव्हती. ज्यांचे पोट आधीच बिघडलेले, तेच गोळी जास्त काळ घेणार, आणि त्यांतल्या काहींची जळजळ ही न सापडलेल्या रोगाचीच खूण असणार. छत्र्या वाढल्या म्हणून पाऊस आला, असे म्हणण्यासारखी ही गफलत होऊ शकते. संशोधकांनी आकडेमोडीने ती कमी करण्याचा प्रयत्न केला, पण ती पूर्ण जात नाही. गोळी चिठ्ठीने वाटून १७,५९८ लोकांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आतड्यांतील जंतुसंसर्ग किंचित वाढण्याखेरीज ठळक हानी दिसली नाही. मात्र कर्करोगाचा निकाल लावायला तीन वर्षे अपुरी आहेत, हेही मान्य केले पाहिजे. विनाकारण वर्षानुवर्षे ही गोळी घेऊ नये, हे मत मलाही पटते. पण तुमच्या पाकिटात ती चौदा दिवसांसाठी आहे, आणि तिचे काम आम्ल कमी करून प्रतिजैविकांना जंतूवर नीट मारा करू देणे हे आहे. वर्षांच्या धोक्याची भीती चौदा दिवसांना लावणे योग्य नव्हे.

तेव्हा डॉक्टरांना एक फोन करा, तीन आठवडे औषध सुरू केले नव्हते हे न लाजता सांगा, पेनिसिलिनची किंवा अन्य कशाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा, आणि पाकीट फोडा. तोंडाला धातूसारखी कडवट चव येईल, शौचाला पातळ होईल, औषधांत बिस्मथ हा घटक असेल तर मळ काळा दिसेल. याने घाबरून सातव्या दिवशी औषध सोडणारे पुष्कळ रुग्ण मी पाहिले आहेत, आणि अर्धवट मारलेला जंतू पुढच्या खेपेला अधिक चिवट होतो. बिस्मथ घेत नसताना डांबरासारखा काळा, चिकट मळ, रक्ताची उलटी, गिळायला त्रास किंवा कारण नसताना वजन घटणे, यांपैकी काही दिसले तर मात्र वाट पाहू नका. जंतू गेला की नाही याची श्वासाची किंवा मळाची तपासणी प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे बंद ठेवून करायची असते. त्याआधी केली तर जंतू असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहा. आणि तुमच्या घरात कुणी धूम्रपान करत असेल, किंवा जेवणात मिठाचा हात सैल असेल, तर या दोन्ही गोष्टींचा जठराच्या कर्करोगाशी संबंध आहे. त्यावर वेगळे प्रवचन मी देत नाही.

तुमच्या पतींच्या बाबतीत थोडक्यात. त्यांच्या निश्चिंतपणाचे श्रेय पॉलिप काढण्याला आहे, पॉलिप निरुपद्रवी असण्याला नव्हे. मोठ्या आतड्यातले अ‍ॅडिनोमा प्रकारचे, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारे, पॉलिप काढलेल्या १,४१८ रुग्णांवर अमेरिकेत सरासरी सहा वर्षे लक्ष ठेवले होते. १९९३ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा कर्करोग पाच निघाले, तर तुलनेच्या वेगवेगळ्या गटांवरून अपेक्षा २० ते ४८ ची होती. पण हे लोक ठरल्या वेळी पुन्हा तपासणीला येत होते. तुमच्या पतींच्या अहवालात पॉलिपचा प्रकार, आकार आणि संख्या लिहिलेली असेल. पुढची तारीख त्यावरून ठरते, त्रास होतो की नाही यावरून नव्हे.

आता सहीचा प्रश्न. तुमच्या बहिणीचा राग मी समजू शकतो, पण वर सांगितलेले बरेचसे, अगदी तुम्हाला ‘उपचार घ्या’ असे मी ज्या जोरावर म्हणतो तेसुद्धा, कुणी तरी अशीच सही केल्यामुळे कळलेले आहे, आणि अशा चाचण्यांतल्या सुमारे निम्म्यांना औषधविरहित गोळी मिळाली होती. तुमच्या अभ्यासात जंतूवरचे उपचार सर्वांना मिळणार आहेत, ही त्यातली कळीची बाब आहे. ते कुणाला नाकारले जाणार असते, तर मी तुम्हाला सरळ नको म्हटले असते. औषधविरहित गोळीचा गट मात्र हवाच, आणि याचे कारण पुन्हा त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या तुकड्यात आहे. मेटाप्लेझिया अस्तरावर ठिपक्याठिपक्यांनी असतो. आज चिमटा ठिपक्यावर पडला आणि तीन वर्षांनी शेजारी पडला, तर अहवालात ‘मेटाप्लेझिया नाही’ असे येईल आणि गोळीने गुण आला असे वाटेल. अशी सुधारणा औषध न घेणाऱ्यांतही दिसते; ती वजा केल्याशिवाय गोळीची खरी किंमत कळत नाही.

तरीही दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. पहिली अशी की हा अभ्यास मेटाप्लेझिया मोजणार आहे, कर्करोग नव्हे. अस्तर सुधारले म्हणजे कर्करोग टळला असे आपोआप ठरत नाही, आणि तीन वर्षांत ते ठरवताही येणार नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराच्या ८६१ वाहकांवर अ‍ॅस्पिरिनची चाचणी झाली, तिच्या २००८च्या पहिल्या निकालात काहीच फायदा दिसला नव्हता; आणखी काही वर्षे वाट पाहिल्यावर २०११ मध्ये मोठ्या आतड्याचे कर्करोग कमी झालेले दिसले. दुसरी गोष्ट तुमच्या पतींसाठी आहे : अभ्यासातल्या तपासण्या अभ्यासाच्या वेळापत्रकाने होतात, तुमच्या गरजेने नव्हे. तुम्हाला एरवी तीन वर्षांत एकदा दुर्बीण लागली असती आणि अभ्यासात ती तीनदा होणार असेल, तर दोन वेळा तुम्ही दुसऱ्यांसाठी नळी गिळणार आहात. हे करण्यात मोठेपणा आहे, पण ते फुकट मिळालेली सेवा समजून करू नये.

मी काही वर्षे एका संशोधन नैतिकता समितीत बसत असे. तिथल्या एका सदस्यबाई वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या होत्या आणि संमतीपत्र नेहमी शेवटच्या पानापासून वाचायला घेत. इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार, मधूनच बाहेर पडता येते का आणि पडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतात का, हे सगळे शेवटीच छापलेले असते, आणि तिथवर पोचेपर्यंत सही करणारा थकलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले. तुमची पाने घरी मागून घ्या आणि तशीच वाचा. या प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत, समन्वयकाच्या तोंडी नव्हे. त्यांच्या जोडीला आणखी एक विचारा : मधल्या तपासणीत डिसप्लेझिया आढळला, तर मला आणि माझ्या डॉक्टरांना ते किती दिवसांत कळवले जाईल? याचे लेखी उत्तर मिळाले, जंतू गेल्याचे तपासणीत सिद्ध झाले, आणि मधल्या भागाचे तुकडेही अभ्यासाच्या सुरुवातीला घेतले जाणार असतील, तर तुमच्या जागी मी सही करीन. उत्तर टाळले गेले तर करणार नाही, आणि तसे केल्याने तुमच्या उपचारांत काडीचाही फरक पडता कामा नये.

राहिल्या तुमच्या भगिनी. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तुमचे वडील त्यांचेही वडील होते. जंतू असला, तर कोरियातल्या त्या अभ्यासातली गोष्ट तुमच्याइतकीच त्यांनाही लागू पडते. तुमच्या श्वासाच्या तपासणीची तारीख ठरेल, तेव्हा त्यांनाही डॉक्टरांना भेटून स्वतःची जंतूची तपासणी करून घ्यायला सांगा. त्यासाठी त्यांना कुठल्याही अभ्यासाच्या कागदावर सही करावी लागणार नाही.